सर पॅट्रिक गेडीस : जुन्या शहरांचे वैद्य

मुंबई शहरात १८९६ साली ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची साथ शिरली आणि तिने माणसांबरोबर घरांचाही निकाल लावला. दाट वस्तीत रोग बळावतो असे दिसून आल्यावर १८९८ साली सरकारने शहरसुधारणेसाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट नावाचे मंडळ स्थापिले, आणि जुन्या वस्त्यांचे पोट फाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढण्यात आले. समुद्राचा वारा आत यावा, अंधाऱ्या खोल्यांत उजेड पडावा, हा हेतू चांगलाच होता. त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु नकाशावर पट्टी ठेवून ओढलेली रेघ आंधळी असते. तिच्या वाटेत देऊळ आहे की मशीद, गोड्या पाण्याची विहीर आहे की पिंपळाचा पार, तीन पिढ्यांचे नांदते घर आहे की खरोखरच मोडकळीस आलेले खुराडे आहे, हे तिला दिसत नाही. शिवाय घर पाडले म्हणजे त्यातील माणसे नाहीशी होतात असे थोडेच आहे? ती शेजारच्या गल्लीत बिऱ्हाड करतात, आणि जेथे काल एका खोलीत पाच माणसे निजत होती तेथे आज आठ निजू लागतात.

अशा प्रसंगी लोकांत सहसा दोन तट पडतात. एकास जुने ते सर्व रोगट वाटते व दुसऱ्यास जुने ते सर्व पवित्र वाटते. या दोन्ही तटांत न बसणारा एक विलक्षण पुरुष १९१४ सालच्या अखेरीस हिंदुस्थानात आला. नुकतीच साठी ओलांडलेली, दाढी व केस अस्ताव्यस्त, हातात नकाशाचा कागद, आणि भर उन्हात गल्लीबोळांतून तासन्‌तास हिंडण्याची सवय. त्याचे नाव पॅट्रिक गेडीस. हे जन्माने स्कॉच होते, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ होते. पण त्यांचा धंदा नेमका कोणता, हे त्यांच्या हयातीत त्यांच्या मित्रांसही एका शब्दात सांगता आले नसते.

गेडीस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलुखातील बॅलटर या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे फौजेत नोकरीस होते. पॅट्रिक हे सर्वांत धाकटे अपत्य. ते लहान असतानाच हे कुटुंब पर्थ शहराजवळ टेकडीच्या उतारावरील एका घरात राहावयास गेले. घराभोवती बाग होती, खाली टे नदीचे खोरे आणि त्यात वसलेले जुने शहर एका दृष्टिक्षेपात दिसे. वडिलांचे बोट धरून या मुलाने तो सारा परिसर पायाखाली घातला. एखादे गाव समजून घ्यावयाचे तर प्रथम उंचावरून ते सबंध पाहावे आणि मग खाली उतरून त्यात चालावे, ही त्यांची पुढील आयुष्यातील रीत तेथेच पडली असे म्हणावयास हरकत नाही. आईबाप मोठे धर्मशील प्रेस्बिटेरियन होते. ज्या स्कॉटलंडाने डॉ. जॉन विल्सन यांच्यासारखे मिशनरी मुंबईस धाडले, त्याच्याच चालीरीतीत हे घर वाढलेले. तेव्हा मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी त्यांची इच्छा असावी यात नवल नाही. मुलगा धर्मोपदेशक झाला नाही. परंतु उपदेश करण्याची हौस मात्र त्याने शेवटपर्यंत सोडली नाही, आणि ऐकणाऱ्यांस कधी कधी ती जड जाई!

काही काळ बँकेत उमेदवारी केल्यावर त्यांनी वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी एडिंबरो विद्यापीठात नाव घातले. तेथील शुष्क पद्धत त्यांस एक आठवडाभरच मानवली. १८७४ साली ते लंडनास प्रख्यात शास्त्रज्ञ हक्स्ली यांच्या हाताखाली शिकावयास गेले आणि तेथे त्यांची बुद्धी फुलली. सूक्ष्मदर्शक यंत्रापुढे बसून सजीवांचे निरीक्षण करण्यात ते रमले, आणि हा तरुण मोठा जीवशास्त्रज्ञ होणार असा सर्वांचा होरा होता. पण १८७९ साली शास्त्रीय संशोधनासाठी ते मेक्सिको देशात गेले असता त्यांचे डोळे एकाएकी अधू झाले. कित्येक आठवडे त्यांस अंधाऱ्या खोलीत डोळे बांधून पडून राहावे लागले. वाचन नाही, लेखन नाही, यंत्र नाही. अशा स्थितीत खिडकीच्या तावदानांवरून हात फिरवीत असता, त्या चौकटींच्या घरांत आपले विचार मांडून त्यांचे परस्परसंबंध जुळवावयाचे, असा एक खेळ त्यांनी शोधून काढला. पुढे कागदाच्या घड्या घालून त्यावर असेच चौकोन मांडीत बसण्याचा त्यांस नादच लागला. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांस पुन्हा झेपले नाही. मग लहान जीव सोडून त्यांनी एक मोठा जीव अभ्यासासाठी घेतला. तो म्हणजे शहर.

आता ज्या शहराने त्यांस घडविले त्या एडिंबरोची हकिकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. एका टोकास किल्ला व दुसऱ्या टोकास राजवाडा, आणि या दोहोंमधील उतरत्या डोंगरधारेवर वसलेले जुने एडिंबरो. जागा अरुंद, म्हणून घरे उंच. मजल्यावर मजले चढलेले, आणि दोन घरांच्या रांगांमधून खाली उतरणारे अंधारे बोळ. १७६७ साली जेम्स क्रेग याच्या आराखड्याप्रमाणे समोरच्या सपाटीवर सरळ रस्त्यांचे व चौकांचे नवे शहर वसू लागले, तेव्हा सरदार, वकील, व्यापारी असे सर्व खातेपिते लोक एक एक करून तिकडे निघून गेले. मागे राहिलेल्या हवेल्यांच्या खोल्या खोल्या करून त्या गरिबांस भाड्याने दिल्या गेल्या. ज्या दिवाणखान्यात एके काळी मेजवान्या झडत, त्यात आता सबंध कुटुंबे एका कोपऱ्यात चूल मांडून राहू लागली. १८६१ साली हाय स्ट्रीटवरील अशी एक जुनी इमारत मध्यरात्री कोसळून ३५ माणसे ठार झाली. या घटनेने सारे शहर हादरले आणि १८६७ साली सुधारणेचा कायदा होऊन जुन्या बोळांवर कुदळ चालू लागली. पाडणाऱ्यांचा पक्ष अगदीच निराधार नव्हता, हे ध्यानात यावे म्हणून ही गोष्ट येथे सांगितली.

गेडीस यांनी १८८६ साली ॲना मॉर्टन या सुशील व संगीतनिपुण तरुणीशी विवाह केला. अशा जोडप्याने नव्या शहरात टापटिपीचे घर घ्यावे हे जगाच्या रीतीस धरून झाले असते. परंतु १८८७ साली ही दोघे जुन्या शहरातील जेम्स कोर्ट नावाच्या चौकात बिऱ्हाड घेऊन राहिली. या चौकात मागील शतकात तत्त्ववेत्ता ह्यूम राहून गेला होता; आता त्याची पार रया गेली होती. शेजारी मोलमजुरी करणारी माणसे. पतिपत्नींनी आधी आपल्या खोल्या स्वच्छ केल्या, भिंतींस चुना दिला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. मग शेजाऱ्यांस हाताशी धरून चौक झाडला. कोणाला उपदेश करण्यापूर्वी स्वतः तेथे राहावयास जावे, हे त्यांच्या कार्याचे बीज होय. ॲनाबाईंनी या कामी जे सोसले त्याची नोंद फार थोड्यांनी घेतली आहे. तान्हे मूल घेऊन तसल्या वस्तीत संसार थाटणे हे व्याख्यान देण्याइतके सोपे नव्हे.

त्यानंतर दहा वर्षे गेडीस यांनी एकामागून एक जुन्या इमारती मिळविल्या. जे अगदी कुजले असेल तेवढे काढावे, त्यामुळे झालेल्या मोकळ्या जागेतून शेजारच्या घरांस हवा-उजेड द्यावा, उरलेले दुरुस्त करावे, आणि त्यात पुन्हा माणसे राहावयास आणावी, अशी त्यांची पद्धत. काही घरांत त्यांनी विद्यार्थ्यांची वसतिगृहे काढली आणि तेथील कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती सोपविला. किल्ल्याच्या अगदी पायथ्याशी, कवी ॲलन रॅमसे याचे जुने घर मध्ये राखून, त्यांनी रॅमसे गार्डन नावाची घरांची सुंदर रांग उभी केली. तीत विद्यार्थी व प्राध्यापक राहू लागले. श्रीमंत व विद्वान लोक जुने शहर टाकून गेले म्हणून त्यास अवकळा आली. तेव्हा विद्येस परत तेथे नेली पाहिजे, असे त्यांचे साधे गणित होते. १६२२ साली बांधलेली लेडी स्टेअर्स हाउस ही वास्तू पाडली जाण्याच्या बेतात असता त्यांनी लॉर्ड रोझबेरी यांस ती विकत घ्यावयास लाविली. हे रोझबेरी इंग्लंडचे एक मुख्य प्रधान होत. त्यांनी ती वास्तू दुरुस्त करवून १९०७ साली शहरास अर्पण केली, आणि आज तेथे बर्न्स, स्कॉट व स्टीव्हन्सन या तीन स्कॉच साहित्यिकांचे संग्रहालय आहे.

हिशेबाच्या बाबतीत मात्र गेडीस हे अत्यंत बेफिकीर होते. कर्ज काढून घर घ्यावयाचे, ते गहाण टाकून दुसरे घ्यावयाचे, असा हा प्रकार चालला. अखेर १८९६ साली स्नेह्यांनी एक मंडळी स्थापून हा सर्व पसारा आपल्या ताब्यात घेतला तेव्हा कोठे त्यांची सुटका झाली. डंडी येथील कॉलेजात १८८८ पासून ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ती जागा अशी सोयीची होती की वर्षातून केवळ उन्हाळ्याच्या सत्रात शिकवावे लागे. उरलेला काळ शहराच्या वाट्यास येई.

१८९२ साली त्यांनी किल्ल्याजवळील एक जुना बुरूजवजा वाडा घेतला व त्यास औटलुक टॉवर असे नाव दिले. विद्यार्थ्यांस या वाड्याची गोष्ट विशेष आवडेल. सर्वांत वरच्या अंधाऱ्या खोलीत आरसा व भिंग यांच्या योगाने बाहेरील शहराचे चालते-बोलते चित्र एका पांढऱ्या मेजावर पडे. धुराडी, रस्त्यातील गाड्या, माणसे, सारे त्या मेजावर हलताना दिसे. तेथून गच्चीवर यावयाचे आणि तेच शहर उघड्या डोळ्यांनी पाहावयाचे. शेजारी एक लहानशी रिकामी खोली होती. पाहिलेल्याचे मनन करण्यासाठी तीत घटकाभर एकटे बसावयाचे. मग एक एक मजला खाली उतरत जावे तसतसा विषय विस्तारत जाई. पहिल्याने एडिंबरो, नंतर स्कॉटलंड, मग इंग्रजी भाषेचे देश, मग युरोप आणि तळमजल्यावर सबंध जग. नकाशे, चित्रे, यंत्रे यांनी ते मजले भरलेले असत. एखाद्या गावाविषयी काहीही ठरविण्यापूर्वी त्याची संपूर्ण पाहणी करावी. त्याची जमीन, पाणी, धंदे, इतिहास, लोकांच्या चाली या सर्व जाणाव्या आणि मगच आराखड्यास हात घालावा, हा गेडीस यांचा सिद्धांत त्या वाड्यातून जगभर पसरला. आज नगररचनेच्या सर्व विद्यालयांत तो शिकविला जातो. त्या वेळी पुष्कळांस तो निव्वळ कालापव्यय वाटे.

डनफर्मलिन गावी त्यांस याचा अनुभव आला. अमेरिकेत कोट्यधीश झालेल्या अँड्र्यू कार्नेगी यांनी आपल्या या जन्मगावास मोठी देणगी दिली आणि तेथील उद्यानाची योजना गेडीस यांजकडे मागण्यात आली. विश्वस्तांस एक सुबक नकाशा हवा होता. १९०४ साली गेडीस यांनी त्यांच्या पुढे एक सबंध ग्रंथच ठेविला, आणि त्यात प्रथम काय, तर गावच्या ओढ्याची घाण काढा आणि जुन्या वास्तू राखा! योजना दप्तरी दाखल झाली.

लंडनातील क्रॉस्बी हॉलचे प्रकरण याहून बिकट. पंधराव्या शतकात एका धनाढ्य व्यापाऱ्याने बांधलेली ही वास्तू शहराच्या ऐन पेठेत होती. विसाव्या शतकाच्या आरंभी ती जागा एका बँकेने आपल्या कचेरीसाठी घेतली. वास्तू वाचावी म्हणून पुष्कळ ओरड झाली, पण तेथील जमिनीचे मोल इतके की तिला जागेवर ठेवणे कोणास साधले नाही. तेव्हा तिचे दगड व लाकडी छत सुटे करून चेल्सी भागात नेण्यात आले, आणि १९१० साली ती तेथे पुन्हा उभी राहिली. या खटपटीत गेडीस यांचा पुढाकार होता. जेथे ती उभारली ती जागा सर थॉमस मूर यांच्या बागेची, आणि हे मूर एके काळी त्या वास्तूचे धनी होते; एवढा तरी ऋणानुबंध साधला. तथापि आपल्या मुळच्या जागेवरून उपटलेली वास्तू ही पूर्ण वाचली असे म्हणवत नाही. निम्मी वाचली, एवढेच.

हिंदुस्थानात गेडीस यांस मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांनी बोलाविले. जगातील शहरांचे नकाशे व चित्रे यांचे एक अमोल प्रदर्शन गेडीस यांनी अनेक वर्षे खपून जमविले होते व १९१३ साली बेल्जममधील गेंट येथे त्याची मोठी वाहवा झाली होती. ते प्रदर्शन क्लॅन ग्रँट नावाच्या बोटीवर चढविले, आणि गेडीस आपल्या मुलासह वेगळ्या बोटीने निघाले. तोच महायुद्ध पेटले होते. एमडेन या जर्मन युद्धनौकेने हिंदी महासागरात ती बोट बुडविली, आणि जन्माची कमाई समुद्राच्या तळाशी गेली. दुसरा कोणी असता तर कपाळास हात लावून परत फिरला असता. यांनी विलायतेतील मित्रांस पत्रे धाडिली, त्यांनी नवे नकाशे व चित्रे गोळा करून पाठविली, आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रास येथे प्रदर्शन उघडलेसुद्धा!

पुढील दहा वर्षांत त्यांनी या देशातील सुमारे ५० शहरांवर अहवाल लिहिले. मदुरा, तंजावर, बडोदे, नागपूर, जबलपूर, लखनौ, लाहोर, ढाका अशी ती मोठी यादी आहे. दक्षिणेतील देवळांची शहरे पाहून तर ते हरखून गेले. देवळाभोवती एकाबाहेर एक असे रुंद चौकोनी मार्ग, त्यांवरून वर्षातून रथ फिरावयाचा. अशी योजना ज्यांनी केली त्यांस नगररचना शिकविण्याची काय गरज, असे ते आपल्या इंग्रज बांधवांस विचारीत.

तंजावर येथील त्यांचे काम नमुन्यादाखल पाहू. तेथील एका जुन्या वस्तीतून म्युनिसिपालिटीच्या इंजिनियरांनी सरळ, परस्परांस काटकोनात छेदणारे रस्ते आखले होते. त्यासाठी पुष्कळ चांगली घरे पाडावी लागणार होती. गेडीस यांनी तो कागद बाजूस ठेवला व मोठ्या मापाचा नकाशा घेऊन ते घरोघर फिरले. कोणते घर धड, कोणते पडके, कोणती जागा ओस, विहीर कोठे, झाड कोठे, देऊळ कोठे, हे सर्व त्यांनी टिपले. मग असे दिसून आले की, पडकी घरे काढून ओस जागा एकमेकींस जोडल्या तर लहान लहान चौक आपोआप तयार होतात, बोळ थोडा वाकडा ठेवला तर देऊळ व झाड दोन्ही वाचतात, आणि हवाही खेळती राहते. खर्च मूळ योजनेच्या एका लहानशा अंशाइतकाच. वैद्य अवयव कापून टाकण्याआधी तो वाचविता येतो का हे पाहतो. तद्वत ही राखणारी शस्त्रक्रिया होय, अशी उपमा ते स्वतः देत. मात्र या शस्त्रक्रियेस घाई चालत नाही. कचेरीत बसून एका दिवसात सरळ रेघा ओढता येतात. येथे एकेका आळीस उन्हातान्हात दिवस मोडावे लागतात. अधिकाऱ्यांस ती सरळ रेघ प्रिय का, याचे कारण पुष्कळ अंशी यातच सापडेल.

तळ्यांविषयीही असेच. हिवतापाचे डास होतात म्हणून शहरांतील जुनी तळी बुजवून टाकावी असे आरोग्यखात्याचे मत होते. गेडीस यांचे म्हणणे असे की तळे शहरास गारवा देते, पावसाचे पाणी साठविते, देवळाची शोभा वाढविते; डासांसाठी त्यात मासे व बदके सोडा, ती अळ्या खाऊन टाकतील. जीवशास्त्राचे शिक्षण येथे असे उपयोगी पडले. लाहोरच्या सुधारणेच्या योजनेत मशिदी, धर्मशाळा, देवळे, दुकाने यांवर सरसकट नांगर फिरणार होता. तीवर १९१७ साली त्यांनी अत्यंत कडक टीका केली. प्रामाणिक पण एककल्ली आरोग्याधिकारी हा त्यांस सर्वांत अवघड प्रतिपक्षी वाटे, कारण त्याच्या हेतूस दोष देता येत नाही.

इंदूरची कथा मात्र आनंदाची आहे आणि ती त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेली आहे. होळकर दरबाराने त्यांस शहराच्या पाहणीसाठी बोलाविले होते. प्लेगने इंदूर गांजलेले होते. नकाशा घेऊन हा दाढीवाला साहेब गल्लीत शिरला की बायामाणसे मुलांस आत ओढून घेत. चौकशी करता कळले की, हा साहेब प्लेग आणतो व घरे पाडतो असा लोकांचा समज झाला आहे! तेव्हा गेडीस यांनी दरबाराकडे एक अजब मागणी केली. मला एका दिवसापुरता महाराज करा. मागणी मान्य झाली. दिवाळी तोंडावर आली होती. गावात दवंडी पिटली गेली की, या वर्षी मोठी मिरवणूक निघेल. तिचा मार्ग मात्र नेहमीचा नसून, ज्या आळ्यांतील घरे सर्वांत स्वच्छ व दुरुस्त असतील त्या आळ्यांतून ती जाईल. झाले! आळीआळीत चढाओढ लागली. वर्षानुवर्षांचा केर गाड्या भरभरून गावाबाहेर गेला, उंदरांचा फडशा पडला, भिंतींस चुना लागला. मिरवणुकीत हत्ती-घोडे, शेतकरी, कारागीर होतेच. घाणीचा एक अक्राळविक्राळ राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. आणि या सर्वांमागून शहरातील झाडूवाले शुभ्र वस्त्रे लेऊन, नवे झाडू खांद्यावर घेऊन, गळ्यात फुलांच्या माळा घालून चालले होते. ज्यांची सावलीही त्या काळी लोक टाळीत, त्यांस त्या दिवशी मानाचे स्थान मिळाले. शेवटी राक्षसाचे दहन झाले. त्या ऋतूत प्लेग ओसरला. साथीचा भर तसाही संपत आला असेल; परंतु एकही चांगले घर न पाडता शहर झाडून निघाले, ही गोष्ट खरी. १९१८ साली दरबारास सादर केलेला त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन खंडांचा आहे, आणि त्यात नदीकाठापासून विद्यापीठापर्यंत नाही असा विषय नाही.

या बाह्य यशाच्या काळातच त्यांच्या घरावर आकाश कोसळले. थोरला मुलगा अलेस्टर, ज्याने मद्रासच्या प्रदर्शनात बापाचा उजवा हात होऊन काम केले होते, तो फ्रान्सच्या रणभूमीवर एप्रिल १९१७ मध्ये कामास आला. तार आली तेव्हा ॲनाबाई येथेच, हिंदुस्थानात, विषमज्वराने अंथरुणास खिळल्या होत्या. गेडीस यांनी ते दुःख पोटात घातले आणि पत्नीस कळू दिले नाही. काही आठवड्यांनी त्याही गेल्या. मुलगा गेल्याचे त्यांस अखेरपर्यंत ठाऊक नव्हते. जेम्स कोर्टातील त्या पहिल्या बिऱ्हाडापासून ज्यांनी साथ दिली त्यांस असा परमुलखात निरोप द्यावा लागला. गेडीस यांनी त्याच वर्षी काम पुन्हा हाती घेतले.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांस समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या नव्या विषयाचे प्राध्यापक नेमिले. वक्ते म्हणून ते वाईटच. आवाज दाढीत अडके, आणि एक वाक्य पुरे होण्याआधी दुसरे सुरू होई. पण माणूस ओळखण्याची दृष्टी होती. मालवणकडचे एक तरुण, गोविंद सदाशिव घुर्ये, यांनी मुंबई शहरावर लिहिलेला निबंध त्यांच्या पसंतीस उतरला व त्यांच्याच शिफारशीने घुर्ये विलायतेस शिकावयास गेले. परत आल्यावर १९२४ साली त्याच विभागाची धुरा घुर्ये यांनी वाहिली आणि भारतीय समाजशास्त्राचे ते अध्वर्यू ठरले. आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र गेडीस यांनी १९२० साली प्रसिद्ध केले. रवींद्रनाथांशीही त्यांचा निकट स्नेह होता.

प्रकृती ढासळल्यावर १९२४ साली त्यांनी हा देश सोडला व दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे, खडकाळ माळावर, बाग व विद्यार्थिगृह उभारण्यास आरंभ केला. १९२५ साली तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी केला. त्यावर वाढलेल्या भागास २००३ साली युनेस्कोने जागतिक वारसा मानिले. पूर्वी एकदा नाकारलेली सर ही पदवी त्यांनी १९३२ साली स्वीकारली, आणि त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या अहवालांचे काय झाले? बहुतेक अहवाल दप्तरात बांधले गेले. काही सूचना अमलात आल्या, पुष्कळ विसरल्या गेल्या, आणि कित्येक ठिकाणी त्यांनी ज्यास विरोध केला तोच रस्ता पुढे निघाला. १९४७ साली जॅकलिन टिरविट या विदुषीने त्यांतील उतारे निवडून पुस्तकरूपाने छापले तेव्हा नव्या पिढीस त्यांची ओळख झाली. आपल्या देशात १९०४ च्या कायद्याने प्राचीन स्मारकांचे रक्षण होऊ लागले होते, पण ते एकेकट्या स्मारकाचे. स्मारकाभोवतीची आळी, तिचे चौक, तिची घरे ही सर्व मिळून राखण्याची वस्तू आहे, हे गेडीस यांचे म्हणणे कायद्यात उतरावयास पुष्कळ वर्षे जावी लागली. मुंबईत १९९५ साली वारसा नियम झाले. त्यांत इमारतींबरोबर सबंध परिसरांचीही यादी आहे.

एडिंबरोच्या जुन्या व नव्या दोन्ही शहरांस १९९५ सालीच जागतिक वारशाचा मान मिळाला. औटलुक टॉवरच्या माथ्यावर ते पांढरे मेज अद्याप आहे आणि प्रवासी त्यावर पडणारे शहराचे चित्र पाहावयास जातात. किल्ल्याच्या कड्याखाली, जॉन्स्टन टेरेस नावाच्या रस्त्यालगत, उतारावर एक लहानशी बाग आहे. गेडीस यांच्या मंडळींनी जुन्या शहरातील ओसाड तुकडे शोधून त्यांच्या बागा केल्या त्यांपैकी ती एक. त्या कामी त्यांची मुलगी नोरा पुढे असे. तिचा जन्म ते जोडपे जेम्स कोर्टात राहावयास गेले त्याच वर्षीचा.